यूझर नंबर अडतीस सत्तावन

आमच्या संस्थेच्या संगणक केंद्रात शिरायचं तर आधी चपला काढायच्या, मग दाराजवळच्या लाकडी कपाटातून मोजे घेऊन पायात चढवायचे आणि मग उंबऱ्यात उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. रोज. तुम्ही काल आला असाल, आत्ता पाच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला बाहेर गेला असाल, तरी नाव सांगायचं. ते ऐकून घेणारे गृहस्थ आत एका उंच स्टुलावर बसलेले असत. भर मे महिन्यात अंगात हाताने विणलेला स्वेटर आणि कानाला मफलर. आतला एसी यंत्रासाठी होता, आणि यंत्राला जे मानवतं ते माणसाने सोसायचं, असं त्यांचं म्हणणं.

मोजे केंद्राचे, म्हणजे त्यांचेच. दर शनिवारी सगळे मोजे पिशवीत भरून ते फणसवाडीला घरी नेत आणि सोमवारी धुऊन, जोड्या लावून परत आणत. रविवारी त्यांच्या गॅलरीत एवढे मोजे वाळत घातलेले बघून एका नव्या भाडेकरूने म्हणे विचारलं होतं, "काका, घरात फुटबॉलची टीम उतरलीय काय?" त्यावर हे शांतपणे म्हणाले होते, "नाही. संगणक उतरलाय. संस्थेत."

ते प्राध्यापक नव्हते. दारावर सिस्टिम इन्चार्ज अशी पाटी होती. आम्ही तोंडावर सर म्हणायचो, पाठीमागे मोजेवाले सर. बोलणं एकदम शुद्ध. शिपायालाही आपण, विद्यार्थ्यालाही आपण, आणि यंत्राला ते. "आज ते बोलत नाहीयेत." "त्यांना जरा बसू द्या." पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कोणी मोठे साहेब आजारी आहेत. मी बिचारी दाराबाहेर आवाज न करता उभी राहिले.

त्यांनी कीबोर्डला हात लावलेला मी दोन वर्षांत कधी पाहिला नाही. टाइप करायचं काम शीवच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या एका बाईंचं होतं. डाटा एंट्री ऑपरेटर. अंगाने भरलेल्या, अंबाड्यात रोज ताजं फूल, आणि त्या थंडगार खोलीत मोठ्याने हसणारं एकमेव माणूस. सरांचं काय चाललंय ते त्या आम्हाला समजावून सांगायच्या. म्हणजे त्यांना तरी ते समजायचं का, हे मला अजून माहीत नाही.

मी त्या वर्षी स्टॅटिस्टिक्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला होता. आमच्या करी रोडच्या चाळीतली मी पहिली ग्रॅज्युएट, फर्स्ट क्लास. हे मी आजही सांगते, कोणी विचारलं नाही तरी. गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत मी पास झाले होते. आईचं म्हणणं, गप नोकरी धर. बाबा म्हणाले, दोन वर्षं शिकू दे तिला, नोकऱ्या काय पळून जात नाहीत. दोन म्हणजे दोन. तिसरं वर्ष आमच्याकडे नव्हतं, हे घरात कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीआधी ज्याने संगणकावरचं पहिलं आउटपुट आणून दाखवलं नाही, त्याचा प्रोजेक्ट रद्द. प्रोजेक्ट रद्द म्हणजे वर्ष गेलं. आउटपुटसाठी टर्मिनल हवं, टर्मिनलसाठी यूझर नंबर हवा, यूझर नंबरसाठी फॉर्म हवा, आणि फॉर्म हवा तर मोजे घालून उंबऱ्यात उभं राहा आणि नाव सांगा.

मी सांगितलं. सरांनी फॉर्म दिला. म्हणाले, "घरी न्या. घरच्यांसमोर भरा. पालकांची सही लागेल. आणि कागदावर खाडाखोड नको. त्यांना चालत नाही."

यंत्राला खाडाखोड कशी काय दिसते, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

संध्याकाळी फॉर्म घेऊन बसले. खोलीत आई भाकऱ्या भाजत होती आणि बाबा नुकतेच मसाल्याच्या दुकानातून आले होते. लालबागला एका दुकानात ते पुड्या बांधायला जायचे. त्याला ते नोकरी म्हणायचे नाहीत. "बसून काय करायचं, म्हणून जातो," असं सांगायचे. हात दोनदा धुतले तरी मिरचीचा वास जायचा नाही, म्हणून कागदाला हात लावायच्या आधी त्यांनी तिसऱ्यांदा धुतले.

फॉर्म इंग्रजीत. इंग्रजी मला येत होतं. पण पुस्तकाचं इंग्रजी वेगळं आणि फॉर्मचं वेगळं. फॉर्मचं इंग्रजी माणसाला उगीच गुन्हेगार वाटायला लावतं. मी वाचत होते, बाबा सांगत होते. वडिलांचा व्यवसाय?

"गिरणी कामगार, लिही."

आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "खंयची गिरण? कुलूप पडलाहा तिका."

"कुलूप मालकान घातलान. मी नाय घातलंय." बाबा माझ्याकडे वळले. "लिही. गिरणी कामगार, संपावर."

बाबा बेकार नव्हते. कोणी तसं म्हटलं तर ते शांतपणे दुरुस्त करायचे. संप मागे घेतला असं कोणी कधी येऊन सांगितलं का? नाही ना? मग संप चालू आहे आणि मी संपावर आहे. चाळीत एकदा गिरणीच्या ऑफिसातला एक माणूस टाइप केलेले कागद घेऊन फिरला होता. सही करा, तुमचा संबंध संपला, असा काहीतरी मजकूर. बऱ्याच जणांनी केली. बाबांनी त्याला चहा पाजला आणि कागद घडी घालून परत दिला.

तर मी लिहिलं. मग वरच्या कोपऱ्यात एक चौकोन होता. यूझर नंबर.

"हे काय असेल?" मी म्हटलं. "माझा नंबर विचारतायत. माझा कुठला नंबर?"

"नंबर मागतत?" बाबांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. एवढ्या सगळ्या इंग्रजी रकान्यांत एक तरी ओळखीचा निघाला. "मगे घाल मां आपलो! कोरो कित्याक ठेवतस?"

आपला नंबर म्हणजे बाबांचा साचेखात्यातला तिकीट नंबर. अडतीस सत्तावन. गिरणीत माणूस नावाने नाही, नंबराने ओळखला जायचा. हजेरी नंबरावर, पगार नंबरावर, भांडण झालं तर तक्रारसुद्धा नंबरावर. लहानपणी मला घरचा पत्ता पाठ नव्हता तेव्हापासून तो नंबर पाठ होता. गर्दीत हरवलीस तर पोलिसाला गिरणीचं नाव आणि हा नंबर सांग, असं बाबांनी शिकवून ठेवलं होतं. तेव्हा कुठल्याही ऑफिसने नंबर विचारला तर आमच्या घराकडे द्यायला एवढा एकच नंबर होता. मी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात ३८५७ लिहिलं. चौकोनाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात, हा रकाना ऑफिसने भरायचा आहे, असं छापलं होतं. ते दुसऱ्या दिवशी दिसलं. दिव्याच्या उजेडात कोण मुंग्या वाचत बसतंय!

सरांनी माझा फॉर्म हातात घेतला आणि चांगली वीस मिनिटं वाचला. एका पानाचा फॉर्म. शेवटी म्हणाले, "अक्षर सुंदर आहे." शिक्का मारला, खणात ठेवला. मी विचारलं, "नंबर कधी मिळेल सर?"

"आपण मागितलाय ना. बघतो."

बाकीच्यांना दोन दिवसांत नंबर मिळाले. कोणी सतरा, कोणी बावीस. एका दादरच्या मुलाला अकरा मिळाला म्हणून त्याने वडे खाऊ घातले. माझं नाव लागेना. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी ऑपरेटर बाईंना गाठलं.

"पोरी, तुझा फॉर्म खणात आहे. लोणच्यासारखा मुरतोय."

"पण का?"

"तू अडतीसशे सत्तावन्न मागितलास. मशीनमध्ये जागा आहे फक्त तीन आकड्यांची." बाई हसायला लागल्या. "मी म्हटलं, सर, पोरीची चूक झाली, तिला द्या तेवीस. तर म्हणतात, कागदावर जे आहे ते त्यांच्यात यायला पाहिजे. त्यांच्यात येत नसेल तर कमी त्यांच्यात आहे, कागदात नाही. कंपनीला पत्र टाकलंय. रजिस्टर पोस्टाने."

मी तशीच सरांकडे गेले. घाईत मोजे घालायला विसरले, म्हणून परत पाठवली गेले, मोजे घातले, नाव सांगितलं आणि मग भांडले.

"सर, माझं चुकलं. तो नंबर माझा नाही, वडिलांच्या गिरणीतला आहे. मला नवा फॉर्म द्या."

"एका विद्यार्थ्याला एक फॉर्म."

"मग तो फाडून टाका."

त्यांनी खणावर हात ठेवला, जणू मी तो हिसकावून घेणार होते. "कागद फाडायचा नसतो."

"मग रद्द करा!"

"रद्द करायचा फॉर्म आपल्याकडे नाही."

"मग मी काय करू? माझं वर्ष जाईल सर."

"घाई कोणाला आहे?" त्यांनी विचारलं. हे ते सगळ्यांनाच विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "आपल्याला आहे. यांना नाही." आणि यंत्राकडे पाहिलं. तेही गपच होतं.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते पोट धरून हसले आणि माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून सर काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण प्रमुखांचं हसणं हळूहळू कमी झालं. फोन ठेवून म्हणाले, "लेखी द्या म्हणतायत." देतो म्हणाले. दिलं कधीच नाही. त्यांचाही एक कागद म्हणे सरांच्या खणात अडकलेला होता आणि त्यांना तो वर काढायचा नव्हता.

एवढं वाचून कोणाला वाटेल की माणूस ढ असावा किंवा खडूस. मलाही तसंच वाटलं असतं, पण मधल्या त्या दिवसांत दुसरंच काहीतरी घडत होतं. नंबर नव्हता तरी मला केंद्रात बसायला त्यांची ना नव्हती. त्यांचा नियम होता की कोणीही आपला प्रोग्राम थेट टाइप करायचा नाही. आधी कागदावर लिहायचा आणि त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा. कागदावर आहे का, असं विचारून ते डोळे मिटायचे आणि कीर्तनाला बसल्यासारखे ऐकायचे.

मी वाचायची. ही ओळ, ती ओळ, इथून वीस नंबरच्या ओळीवर जा.

"थांबा." डोळे मिटलेलेच. "वीसवर गेलात. वीसवरून कुठे?"

"पस्तीसवर."

"आणि पस्तीसवरून?"

मी कागद पाहिला. "वीसवर."

"मग घरी केव्हा जाणार?"

मला घाम फुटला, त्या थंडीत. माझा प्रोग्राम वीस आणि पस्तीसच्या मध्ये जन्मभर फेऱ्या मारत बसला असता. दोन तास डोळे फोडून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना नुसतं कानाने कळलं. असं एकदा नाही, रोज व्हायचं. परदेशात शिकून आलेले आमचे एक प्राध्यापक आपला प्रोग्राम कोणाला वाचून दाखवणार नाही म्हणून अडून बसले होते. चार दिवस यंत्र त्यांना नको ती उत्तरं देत राहिलं. पाचव्या दिवशी ते मोजे घालून शाळकरी मुलासारखे स्टुलासमोर उभे राहिले आणि तिसऱ्याच ओळीला सर म्हणाले, "थांबा."

मग मला काही कळेनासं व्हायचं. ज्या माणसाला एवढं कळतं त्याला माझा साधा नंबर का देता येत नाही? घरी विचारायचे, काय झालं गो नंबराचं? मी सांगायची, होईल. बाबांना मूळ कारण सांगितलंच नव्हतं. त्यांनी हौसेने दिलेल्या नंबराने माझं अडलंय, हे कुठल्या तोंडाने सांगू?

दिवाळीच्या सुट्टीला तीन दिवस राहिले तेव्हा कंपनीचं उत्तर आलं. सर स्टुलावरून उतरले होते, म्हणजे काहीतरी मोठं होतं. मला म्हणाले, "होतंय. त्यांच्यात चार आकडे बसतायत. एक बदल करायचा, बास." मी आनंदाने बाईंना सांगायला वळले. तेवढ्यात त्यांनी फॉर्म पुढे केला. "फक्त एक शंका आहे. हा क्रमांक आपल्या वडिलांचा, असं आपण म्हणालात. ते सध्या वापरतात का?"

"म्हणजे?"

"एक क्रमांक एका वेळी एकाच माणसाकडे असायला हवा. ते वापरत नसतील तर तसं लिहून द्यायला हवं. त्यांना उद्या घेऊन या."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

रात्री बाबांना एवढंच सांगितलं की कॉलेजात पालकांना बोलावलंय. दुसऱ्या दिवशी ते दुकानात सांगून आले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. दाराशी चपला काढल्या. सर स्वतः कपाटापर्यंत आले आणि वाकून मोठ्यातले मोठे मोजे शोधून दिले. बाबांच्या टाचा भेगाळलेल्या, मोजा अडकायला लागला. सर म्हणाले, "सावकाश. हे सैल होतात." मग बाबांनी उंबऱ्यात उभं राहून नाव सांगितलं, आणि अख्खं केंद्र दचकलं. पंचवीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात काढलेली, ओरडल्याशिवाय बोलायची सवयच नव्हती त्यांना.

"आवाज नाही याला?" यंत्राकडे बघून बाबांनी त्याच आवाजात विचारलं.

"आहे. बारीक. आपण जवळ या."

बाबांनी कान लावला. "हं. चालू आहे. रात्रपाळीला बंद करता?"

"नाही. त्यांना बंद केलेलं आवडत नाही."

"साच्यालापण नाही आवडत. बंद ठेवला की बिघडतो." दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. आमचे संचालक पाहुण्यांना घेऊन यायचे तेव्हा सर त्यांच्याशी एवढं बोलायचे नाहीत.

मग सरांनी कागद काढला. इंग्रजीत टाइप केलेला, खाली सहीची जागा. बाबांना तो इंग्रजीत वाचायला देणं बरं दिसणार नाही म्हणून असेल, सरांनी उभं राहून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. मी खाली सही करणार असं जाहीर करतो की तिकीट क्रमांक अडतीसशे सत्तावन्न मी यापुढे वापरत नाही, त्यावर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही, आणि तो दुसऱ्या कोणास देण्यास माझी हरकत नाही.

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. हाच कागद. चाळीत चहा पाजून परत पाठवलेला तोच कागद माझ्या कॉलेजात, माझ्या नावाने बाबांपुढे आला होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते कागदाकडे बघत होते.

"आपण हा क्रमांक सध्या वापरता का?" सरांनी विचारलं. आवाजात काही नव्हतं. चेष्टा नाही, कीव नाही. वीसवरून कुठे, असं मला विचारायचे तसंच.

"नंबर चालू आहे, साहेब."

"चालू आहे?"

"संप चालू आहे. नंबर चालू आहे."

सरांनी माझा फॉर्म उचलला, व्यवसायाचा रकाना वाचला. "हो. इथे लिहिलंय आपण, संपावर. बरोबर." त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "मग हा यांना देता येणार नाही."

ऑपरेटर बाईंचं टायपिंग थांबलं होतं. त्या वेळी मी गप्प राहिले असं इथे लिहिलं तर छान दिसेल. पण मी गप्प राहिले नाही. मी म्हणाले, "करा ना सही, बाबा. उद्या शेवटचा दिवस आहे. आणि गिरणी काय आता..." एवढंच म्हटलं. पुढचं तोंडातच राहिलं. बाबांनी आता माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. माझं बोलणं त्यांना कुठल्या तरी परक्या भाषेतलं वाटलं असावं.

मग बाबा सरांना म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आला, गावचा झाला, "तिका तिचो नंबर द्या मां. माजो कित्याक?"

"मागणी याच क्रमांकाची आहे."

"कोणी केली मागणी?"

सर मला न विचारता फॉर्मकडे बघू लागले. बाबाच म्हणाले, "ती नाही. मी. तिला मी सांगितलं, हा नंबर घाल. मागणी माझी आहे." ते थांबले. हे शब्द त्यांना कसे जड गेले असतील ते गिरणगावात वाढलेल्या माणसालाच कळेल. "ती मागणी मी मागे घेतो."

सरांचा चेहरा असा फुलला की मला त्यांचा भयंकर राग आला. "मागणी मागे घेता येते! ती तरतूद आहे. हे लेखी द्याल?"

"देतो."

कोरा कागद आला. बाबांनी मराठीत दोन ओळी लिहिल्या. माझ्या मुलीसाठी केलेली नंबराची मागणी मी मागे घेत आहे, तिला तिचा नंबर द्यावा. खाली सही, आणि सहीखाली सवयीने ३८५७. लिहून झाल्यावर त्यांचं लक्ष गेलं, हात थांबला.

"असू द्या," सर म्हणाले. "आपलाच आहे."

टाइप केलेला कागद त्यांनी बाबांना परत दिला. म्हणाले, हा आपला, मी ठेवू शकत नाही. बाबांनी त्याची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढच्या दोन मिनिटांत मला एकेचाळीस नंबर मिळाला. सात आठवडे जे होत नव्हतं ते बाईंनी चार बटणं दाबून केलं. मी प्रोग्राम वाचून दाखवला, सरांनी डोळे मिटून ऐकला, थांबा म्हणाले नाहीत. बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही कडांना भोकं असलेला तो रुंद कागद खडखडत बाहेर आला तेव्हा एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना ओळखीचा आवाज मिळाला. ते पुढे आले, कागद दोन बोटांत धरून कापडासारखा चाचपून पाहिला आणि म्हणाले, "माल बारीक आहे."

सरांनी हे कशासाठी केलं, मला माहीत नाही. त्या टाइप केलेल्या कागदाचा बाबांना काय अर्थ लागेल, हे त्यांना कळलं होतं का? फणसवाडीतल्या माणसाला आमच्या चाळीतल्या सह्यांचं काय माहीत असणार? की सगळं माहीत होतं? की त्यांना फक्त एक नंबर आणि एक माणूस एवढंच दिसत होतं? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षं त्यांच्यासमोर बसतेय गो. मी विचारायचं सोडलं."

मार्चमध्ये माझ्या यूझर नंबरची मुदत वाढवायची होती. सर रजेवर, त्यामुळे बाईंनी त्यांचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, तुझी ओळ शोध. एकापासून साठपर्यंत सगळ्यांची नावं ओळीने. एकेचाळीसपुढे माझं. साठनंतर पान कोरं, आणि त्या कोऱ्या पानाच्या अगदी तळाशी सरांच्या टपोऱ्या अक्षरात आणखी एक ओळ. अडतीसशे सत्तावन्न, पुढे बाबांचं पूर्ण नाव, आणि लाल शाईत शेरा: वापरात आहे. अन्य कोणास देऊ नये.

मी बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदा हसल्या नाहीत.

सर परत आल्यावर मी मोजे घातले, नाव सांगितलं आणि विचारलं, "सर, ती ओळ कशाला लिहिलीत? तो नंबर इथे कोण मागणार आहे?"

"आता चार आकडे बसतात ना," ते म्हणाले. "उद्या चुकून कोणाला दिला गेला तर?"

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते पंख्याखाली बसले होते. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील, निदान ते हसतील तरी. त्यांनी नुसती मान हलवली, जसं एखादं काम रीतसर झाल्याचं कळल्यावर हलवतात.

"बरोबर हा," ते म्हणाले. "चालू नंबर दुसऱ्याक कसो दितले?"